‘आता आराम करा’ हा सल्ला कसा मागे पडला

साठी ओलांडली की ‘आता आराम करा’ हे ठरलेलं वाक्य कानी पडतं. ते मायेनंच म्हटलं जातं. त्यामागची समजूत अशी, की अंगातली ताकद ही शिदोरी आहे, वापराल तितकी लवकर संपेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकशास्त्रातही विश्रांतीलाच मान होता.

त्याला पहिला मोठा धक्का लंडनच्या डॉ. मार्जरी वॉरन यांनी दिला. 1935 मध्ये त्यांच्याकडे जुनाट आजारांचे शेकडो रुग्ण सोपवले गेले. बहुतेक वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, बरे होण्याची आशा सोडून दिलेले. वॉरन यांनी एकेकाला नीट तपासलं, उठवून बसवलं, चालायला लावलं. त्यातले कितीतरी घरी परतले. त्यांना जखडून ठेवण्यात वयाइतकाच पलंगाचाही हात होता!

पुढे 1953 मध्ये ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. आज सरसकट दिला जाणारा चालण्याचा सल्ला बराचसा इथून आला. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला एका प्रयोगात विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की शारीरिक श्रमाची क्षमता या तीस वर्षांत जेवढी घटली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांत घटली होती.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1990 मध्ये प्रसिद्ध झालेला बॉस्टनचा प्रयोग. वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वयाच्या दहाजणांकडून डॉ. मारिया फियातारोने यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. नव्वदीतही स्नायू व्यायामाला दाद देतात, हे तेव्हा अनेक डॉक्टरांनाही नवं होतं.

माणसांच्या सोबतीचं महत्त्वही याच काळात पुढे आलं. कॅलिफोर्नियातल्या 1979 च्या एका अभ्यासात एकाकी माणसांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल आहेच, शिवाय किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही आहेत. चालणारे आता पुष्कळ दिसतात. तोल आणि ताकदीचा भाग मात्र अजून फार थोड्यांच्या दिनक्रमात आला आहे.