बदकाचं पिल्लू आणि पाण्याची टाकी

'बदक ते बदकच, आणल्या आणल्या पाण्यात सोडा, मरगळ झटकेल' हा सल्ला खेडोपाडी ऐकायला मिळतो. तो चुकीचा आहे. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आईच्या पिसांचं तेल मिळालेलं नसतं. त्याची लव पाणी शोषते आणि पिल्लू गारठतं. आधीच आजारी असेल तर संपलंच.

मान टाकलेलं, कोपऱ्यात डोळे मिटून बसलेलं पिल्लू आधी कोरडं करा आणि ऊब द्या. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३२ अंश तापमान लागतं. पिल्लं एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, लांब पळून धापा टाकू लागली तर उकडतंय. प्यायचं पाणी मात्र नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, नाहीतर नाक चोंदतं.

पाय वाकडे पडत असतील, उभं राहवत नसेल, तर बऱ्याचदा नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) कमी पडलेलं असतं. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ते बदकाला पुरेल इतकं नसतं. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली खमिराची पूड) मिसळा. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाणा पेंड तर चुकूनही नको: अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला बदकाची पिल्लं कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर बळी पडतात. झटके येत असतील किंवा एकामागून एक मरत असतील, तर थेट पशुवैद्यक गाठा.