पोराला खेळायची ओढ आतून लागते की सर्टिफिकेटापायी? थोडा मागचा इतिहास

मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या ग्राउंडवर जा, पोराला पहिल्यांदा घेऊन आलेला बाप कोचला हमखास विचारतो, सर, सर्टिफिकेट कधी मिळंल? त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. 2005 च्या शासन निर्णयानं सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आलं, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात, आणि पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात नोकरीला काय किंमत असते ते वेगळं सांगायला नको. पुढं या कागदाचाच बाजार झाला, बोगस प्रमाणपत्रं पकडली गेली, ते आपण पेपरात वाचलंच.

पण बक्षिसानं मूळची आवड मरते का, हा प्रश्न लई जुना आहे. 1950 च्या आसपास अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लोनं माकडांपुढं कड्या-खिट्ट्यांचं कोडं ठेवलं, बदल्यात काहीच नाही, तरी माकडं ते सोडवतच बसली, आणि खाऊ चालू केला तर उलट जास्त चुकायला लागली. 1971 मध्ये एडवर्ड डेसी या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या पोरांना ठोकळ्यांचं कोडं दिलं, काहींना सुटलेल्या कोड्यामागं एक डॉलर. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात याच पोरांनी कोड्याला कमी हात लावला. 1973 चा लेपर आणि मंडळींचा प्रयोग तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. बालवाडीतल्या पोरांना चित्रं काढायच्या आधीच सांगितलं की सर्टिफिकेट देऊ, नंतर त्यांची चित्रं काढायची हौस कमी झाली. ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांचं काहीच बिघडलं नाही.

मग बक्षीस वाईटच का? इथं लोक घाई करतात. रिचर्ड रायननं 1980 मध्ये कॉलेजचे खेळाडू तपासले तेव्हा स्कॉलरशिपवाल्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची आवड कमी भरली, पण स्कॉलरशिपवाल्या पैलवानांची आणि मुलींची चक्क जास्त! कारण त्यांच्यात स्कॉलरशिप क्वचितच मिळायची, म्हणून ती मिळाली म्हणजे आपल्यात दम आहे अशी पावती वाटायची, फुटबॉलवाल्यांना मात्र गळ्यातला दोर.

आपल्या जत्रेच्या फडात बक्षीस असं पावतीसारखं आधीपासून आहे. बारक्या पोरांची कुस्ती रेवड्यांवर, नारळावर, वर चार माणसांची शाबासकी. याच मातीतून रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार आले, त्यांच्या हाताखाली पाटोद्याचा राहुल आवारे घडला, ज्यानं 2019 ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ आणलं.

1985 मध्ये डेसी-रायननं पुस्तकात मांडलं की ओढ टिकायला आपल्या मर्जीनं करतोय, आपल्याला जमतंय असं वाटावं लागतं, आणि पुढं त्यांनी त्यात आपली माणसंही लागतात हे जोडलं. धाराशिवच्या खो-खोत ही आपली माणसं मला सगळ्यात जास्त दिसतात. तिथली सारिका काळे, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या संघाची कॅप्टन, 2020 ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे? त्याचं तर उलटंच. बारावीनंतर सैन्यात गेला, नोकरी आधी लागली, खरं पळणं 2015 नंतर सुरू झालं, आणि 2022 ला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांवरनं उड्या मारत पळायच्या शर्यतीचं, सिल्व्हर. आपल्याकडं भरतीसाठी पहाटे 1600 मीटर मारणारी शेकडो पोरं ऑर्डर हातात पडली की बूट माळ्यावर टाकतात, हा तिथून पुढं पळायला लागला.