टवक्यातला रंग

गेल्या मे महिन्यात पुतण्या बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रस्त्याच्या भरावातून मुठीएवढा दगड घेऊन आला. निळसर हिरवा, काचेसारखा चकचकीत, एका बाजूला दुधी पट्टे. "काका, ऑब्सिडियन हाय की ओ हे! मोबाईलवर असलंच दाखवूलालेत," म्हणाला.

दगड देखणा होता, पण बेळगावात ऑब्सिडियन सापडणं म्हणजे मलप्रभेत सुरमई सापडण्यासारखं. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच. पाक भराभर थंड केला तर चिक्कीसारखा काचेरी होतो, आणि साखरेचं घट्ट पाणी सावकाश ठेवलं तर खडीसाखर धरते. लाव्हाचं तसंच. ज्या लाव्हात सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, 70 टक्क्यांच्या वर असते तो काकवीपेक्षाही कितीतरी चिकट असतो, अणूंना हलून स्फटिक बांधायला सवड मिळत नाही आणि काच होते. निपाणी-चिकोडीकडचा आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यात सिलिका जेमतेम 50 टक्के, लाव्हा पातळ, स्फटिक पटकन धरणारे. शिवाय दख्खनचा हा लाव्हा वाहिला सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. काच इतका काळ काच राहत नाही, हळूहळू तिचेही स्फटिक होतात. म्हणून जगातलं बहुतेक ऑब्सिडियन भूगर्भशास्त्राच्या हिशेबात अगदी तरुण आहे.

तरी पोराचा विरस नको म्हणून परीक्षा घेतली. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दगड 174 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य केला आणि दगड दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता, पाण्यात बुडवला. काटा 62 दाखवू लागला. म्हणजे दगडाने 62 ग्रॅम पाणी बाजूला सारलं. 174 भागिले 62, घनता 2.8. ऑब्सिडियनची असते 2.4 च्या आसपास. नंतर भिंगातून बघितलं तर आत गोल गोल बुडबुडे, आणि एका कोपऱ्यात मोहरीएवढा लोखंडाचा दाणा. त्याला चुंबक चिकटला. भट्टीतला स्लॅग! ओतकामाच्या कपोला भट्टीत चुनखडी घालतात, ती वाळू आणि राख गोळा करून वितळते आणि वर तरंगते. तीच ही काच.

घनतेची परीक्षा बाटलीच्या काचेपुढे मात्र लंगडी पडते. साध्या काचेची घनता 2.5, फरक फारच थोडा. ऑनलाइन 'निळं ऑब्सिडियन' म्हणून जे आरपार, आकाशी रंगाचे खडे विकतात, ते बहुतेक कारखान्यातली काच असतात. खरं ऑब्सिडियन जाडीत काळं दिसतं. पातळ कपची उन्हात धरली की कडेला धुरकट, राखाडी किंवा तपकिरी होतं. त्यातले बुडबुडे असले तर गोल नसतात, लाव्हा वाहिला त्या दिशेला ताणलेले असतात.

मग रंगीत ऑब्सिडियन असतं की नाही? असतं, आणि त्याची गंमत याच ताणण्यात आहे. सोनेरी-रुपेरी झळाळी येते ती ताणल्या गेलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या थरांमुळे. लालसर तपकिरी, महोगनीसारखे पट्टे म्हणजे लोखंडाचा गंज चढलेला लाव्हा काळ्यात मिसळलेला. काळ्यावर पांढरी फुलं दिसली तर समजावं की काच म्हातारी होऊ लागली आहे; ती फुलं म्हणजे क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्या स्फटिकांचे गुच्छ. मेक्सिकोत पाचुकाजवळच्या डोंगराचं नावच 'वस्तऱ्यांचा डोंगर', तिथलं ऑब्सिडियन सोनेरी हिरवं, आणि ते प्राचीन तेओतिवाकान शहरात भरपूर वापरलं जात होतं. सगळ्यात देखणं इंद्रधनुषी. त्यात रंगद्रव्य नसतंच. मेक्सिकोच्या दगडात हेडनबर्गाइट या खनिजाच्या अतिसूक्ष्म काड्या एका दिशेने रांगेत, थराथरांनी बसलेल्या असतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या ग्लास ब्यूट्स डोंगरातल्या 'अग्नी' ऑब्सिडियनमध्ये हेच काम मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे थर करतात. पावसाळ्यात पेट्रोलपंपाबाहेरच्या डबक्यावर तेलाचा तवंग रंग दाखवतो, तोच खेळ.

थर म्हटलं की मला चिरोटा आठवतो. पदर आडवे कापले तर नुसत्या रेघा, पदरावरून बघितलं तर सपाट तुकडा. इंद्रधनुषी दगड घडवणाऱ्याची खरी कसोटी इथेच असते. थरांना काटकोनात पातं काढलं तर हाती काळं पातंच येतं, झळाळी गायब. म्हणून तो आधी एक लहान टवका उडवून 'खिडकी' करतो, दगड ओला करतो, उन्हात फिरवून थर कुठल्या अंगाला झोपलेत ते बघतो. पात्याचा चेहरा थरांशी जवळजवळ समांतर ठेवला आणि त्याला किंचित फुगीरपणा दिला, की एकेक थर कापला जाऊन रंगांची वलयं उमटतात, नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी.

आपल्याकडे जात्याला टाकी लावणारे दगडाला टोचे मारतात, पीठ पाडतात. टवका काढणं वेगळं. स्फटिक नसल्यामुळे काचेत तडा जायला ठरलेली वाट नसते. घावाची लाट शंकूसारखी पसरते आणि शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा, लहरी उमटलेला टवका सुटतो. घाव ज्या कडेवर घालायचा तिचा कोन 90 अंशांच्या आत हवा, नाहीतर लाट आतच विरते. ती कड आधी वाळूच्या दगडावर घासून बोथट करतात, हे ऐकायला उलटं वाटतं. पण धारदार कड घावाखाली चुरते, बोथट कड जोर आत पोचवते. मोठे टवके दगडी हातोड्याने, मग सांबराच्या शिंगासारख्या मऊ हत्याराने, शेवटची नाजूक कपची तांब्याच्या टोकाने दाबून. खंबातचे अकीक कारागीर हेच उलटं करतात: जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीच्या टोकावर खडा टेकवतात आणि वरून शिंगाच्या हातोडीने ठोकतात.

आपल्या नदीखोऱ्यातल्या माणसांनी मात्र जे हाताशी होतं ते घडवलं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पुढे बागलकोट जिल्ह्यात शिरते. तिच्या आणि घटप्रभेच्या काठी क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. गोकाकच्या कड्याचा दगडही त्याच जातकुळीचा. चिवट, दाणेदार, हाताला झिणझिण्या आणणारा. असं हत्यार कुठे दिसलं तर उचलू नका, जागेवरच फोटो काढा. जागा हलली की अर्धी माहिती गेली.

ऑब्सिडियनची कड तुटते ती सुमारे 3 नॅनोमीटरपर्यंत बारीक. पोलादी ब्लेड सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखं दिसतं. प्रसिद्ध अमेरिकी दगडघडवे डॉन क्रॅबट्री यांनी 1970 च्या दशकात स्वतःच्या शस्त्रक्रियेत हीच पाती वापरायला लावली होती. पण धार जितकी बारीक तितकी नाजूक, आडवं वळवलं की तुटलीच.

हाताने करून बघायचं तर सोड्याच्या बाटलीचा जाड बुडखा पुरतो. पुतण्याने आणि मी अंगणात गोणपाट अंथरलं, डोळ्यांना वेल्डिंगवाल्याचा साधा चष्मा, हातात हातमोजे, तळव्यावर जुन्या अथणी चपलेचा जाड तळ. अर्थिंगची जाड तांब्याची तार लाकडी मुठीत ठोकली. घराबाहेरच बसायचं आणि वाऱ्याकडे पाठ करायची, कारण ही धूळ फुप्फुसाला चांगली नाही. माझी बाणाची पहिली तीन टोकं मधोमध मोडली. पुतण्याचं चौथं जमलं, वाकडं का होईना.

मग त्याने हट्टाने तो निळा स्लॅग घेतला. पहिला टवका सुरेख सुटला, लहरींसकट. दुसऱ्याची लाट दगडाच्या मध्यापर्यंत आली, एका बुडबुड्यापाशी अडखळली आणि पायरी सोडून थांबली. "आता?" म्हणाला. मी दगड फिरवून त्याला दुसरी कड दाखवली.