पार्श्वभूमी : मूळ संख्येच्या शोधाची तारीख कोणती धरायची?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत मोठमोठ्या मूळ संख्यांची यादी भिंतीवर रंगवलेली आहे. त्यात एक नोंद अशी : २ चा ७,४२,०७,२८१ वा घात, वजा १. शोध ७ जानेवारी २०१६. सातवीतल्या एका मुलाने दुसरीकडे १७ सप्टेंबर २०१५ ही तारीख वाचली आणि "सर, भिंतीवर चुकलं आहे" म्हणाला. चुकलेलं नाही, पण त्याची शंका रास्त आहे.

अशा संख्यांचा नाद जुना आहे. १६४४ मध्ये फ्रान्समधल्या एका धर्मगुरूने दिलेल्या अशा मूळ संख्यांच्या यादीत २ चा ६७ वा घात वजा १ हीही होती; १९०३ मध्ये त्या संख्येचे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ असे दोन अवयव निघाले. १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या मात्र १८७६ मध्ये हातानेच मूळ ठरली आणि १९५१ पर्यंत तिच्यापेक्षा मोठी कुणाला सापडली नाही.

तारखेचा घोळ यंत्रं आल्यावर सुरू झाला. १९६१ मध्ये संगणकाच्या एकाच छापील कागदावर ४,२५३ आणि ४,४२३ या घातांच्या दोन नव्या मूळ संख्या आल्या. गणितज्ञाने कागद खालून वर वाचला, त्यामुळे मोठी आधी दिसली. मग लहान संख्या क्षणभर तरी 'सर्वात मोठी' होती का? यंत्राने ती आधी काढली होती. पण रूढ झालं ते असं, की माणसाने पाहिल्याशिवाय शोध नाही.

२०१५ मध्ये भिंतीवरच्या त्या संख्येच्या बाबतीत हाच प्रश्न पुन्हा आला. एका संगणकाने सलग ३१ दिवस हिशेब करून १७ सप्टेंबरला निकाल पाठवला. बिघाडामुळे कळवणारी मेल गेलीच नाही. नेहमीच्या देखभालीत तो दिसला ७ जानेवारीला, म्हणजे ११२ दिवसांनी. कपाशी बोंडावर असताना आलेला निकाल उलंगवाडीच्या, म्हणजे वेचणी संपण्याच्या, तोंडावर कुणाच्या नजरेस पडला!

आपल्या भाषेत शोध 'लागतो' आणि शोध 'लावतात'. पहिल्यात शोधणारा सांगावा लागत नाही, दुसऱ्यात लागतो. सप्टेंबरात शोध लागला, जानेवारीत कुणीतरी तो लावला, असं मला वाटतं. जमिनीच्या फेरफाराचंही तसंच असतं : तलाठ्याकडे नोंद होते एका तारखेला, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो दुसऱ्या. फेरफार वाचताना आपण दोन्ही पाहतो. मग यंत्राची ३१ दिवसांची राबणूक यादीतून का गळावी?

२०२४ ला ४,१०,२४,३२० अंकी संख्या मिळाली, तेव्हाही दोन दिवस होतेच. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या यंत्राने 'मूळ असण्याची शक्यता' कळवली, १२ ला टेक्सासमधल्या दुसऱ्या यंत्राने खात्री केली. शोधाचा दिवस १२ धरला गेला. इथे ते पटतं, कारण ११ तारखेला पुरावा पूर्ण नव्हता. २०१५ ला पुरावा पूर्ण होता, फक्त पाहणारं कुणी नव्हतं.

भिंतीवर ७ जानेवारी तशीच ठेवली आहे. तिच्या वर, त्याच मुलाच्या हातून, १७ सप्टेंबर रंगवून घेतली.