डाख लवकर का वितळतो?

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. मात्र वजनाने सुमारे ६२ टक्के कथील आणि उरलेले शिसे असा डाख, म्हणजेच सोल्डर, १८३ अंशांनाच वाहू लागतो. घनरूपात हे दोन धातू बहुतांशी वेगवेगळ्या स्फटिकांत राहतात, तर द्रवात त्यांचे अणू एकमेकांत मनमोकळे मिसळतात. त्यामुळे मिसळण्याने वाढणाऱ्या एन्ट्रॉपीचा, म्हणजे अणूंच्या विस्कळीतपणाच्या मापाचा, लाभ मुख्यतः द्रवालाच होतो, आणि तो कमी तापमानालाही टिकतो.

हा लाभ मोजता येतो. दोन धातू समप्रमाणात घेतल्यास आदर्श द्रावणाच्या (ज्यात मिसळताना उष्णता ना शोषली जाते ना बाहेर पडते) एका मोलची एन्ट्रॉपी ५.७६ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. मुक्त ऊर्जा म्हणजे उष्णता आणि एन्ट्रॉपी यांचा एकत्रित हिशेब; ती जितकी कमी, तितकी अवस्था स्थिर. ५०० केल्विनला तिच्यातील घट सुमारे २.९ किलोज्यूल भरते. कथील आणि शिसे मिसळताना थोडी उष्णता शोषली जाते, पण या घटीपुढे ती कमी पडते.

ही उष्णता गणितात कशी बसवावी? जोएल हिल्डब्रँड यांनी १९२९ मध्ये 'नियमित द्रावण' ही कल्पना मांडली. तिच्या सर्वांत साध्या रूपात अणू यदृच्छया विखुरलेले मानतात आणि मिश्रणाची उष्णता दोन्ही अणु-प्रमाणांचा गुणाकार गुणिले एक स्थिरांक एवढी धरतात. प्रमाणानुसार बदलणाऱ्या या उष्णतेचा आलेख मध्याभोवती सममित येतो. रेडलिख आणि किस्टर यांच्या १९४८ च्या बहुपदीने त्यात असममितीची पदे जोडली. सोय मोठी आहे, पण पुरेशी पदे घेतली की जवळपास कोणताही आलेख जुळवता येतो, आणि जुळला म्हणजे उलगडला असे नव्हे.

मॅग्नेशियम-बिस्मथ द्रवात ही उणीव उघडी पडते. तेथे मिसळताना भरपूर उष्णता बाहेर पडते आणि तीन मॅग्नेशियमला दोन बिस्मथ या प्रमाणाजवळ आलेखाला टोकदार खळगा पडतो. अणू यदृच्छया विखुरलेले नसल्याची ही खूणच. अल्बर्टा विद्यापीठातील अवध बिहारी भाटिया यांनी हारग्रोव्ह यांच्यासह १९७४ मध्ये अशा द्रवांत अणूंचे गट बनतात असे गृहीत धरले, आणि सुटे अणू व गट यांच्या समतोलातून मुक्त ऊर्जा काढली.

युरोपीय संघाने जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यावर कथील-चांदी-तांबे हा डाख रूढ झाला. तो सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो. अशा तीन धातूंच्या द्रवासाठी आधी तीन जोड्यांची प्रतिमाने बसवतात, त्यांवरून तिघांच्या मिश्रणाचा अंदाज बांधतात, आणि प्रत्यक्ष मोजमापाशी फरक उरला तरच तिन्ही धातूंचे एकत्रित पद जोडतात.