दिवाळं जाहीर करायचं तर कुठे? नादारीचा अर्ज, कागदपत्रं आणि कोर्टातल्या जुन्या नोंदी

‘दिवाळं काढायचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो?’ कोर्टाच्या आवारात हा प्रश्न अधूनमधून कानावर येतो. विचारणारा बहुतेक वेळा छोटा दुकानदार असतो, नाहीतर कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहिलेला नोकरदार. खिडकी आहे, पण छापील फॉर्म नाही. वकिलाकडून तयार करून घ्यायचा तो रीतसर अर्ज असतो आणि त्यामागचा कायदा आहे १९२० सालचा, प्रांतिक नादारी अधिनियम (दिवाळ्यालाच कायदा ‘नादारी’ म्हणतो). मुंबईसाठी त्याहूनही जुना, १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा आहे. तिथला अर्ज थेट मुंबई उच्च न्यायालयात जातो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मोबाइलवर शोधलं की २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता समोर येते. तीत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न, २०,००० पर्यंत मालमत्ता आणि ३५,००० पर्यंत कर्ज असणाऱ्यांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची सोय लिहिलेली आहे. वाचायला छान वाटते, पण व्यक्तींसाठीचा तो भाग सर्वसामान्य कर्जदाराला अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. कंपनीवर प्रकरण चालू असेल तर अशा जामीनदाराचा अर्जही मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात जातो. भावाच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या कर्जावर तुम्ही सही केली असेल तर तुमचा रस्ता तो. बाकी सगळ्यांसाठी जुना कायदा.

शब्दाचाही घोळ होतो. आपल्याकडे शाळेची फी माफ झाली की ‘नादारी मिळाली’ म्हणत. कोर्ट फी भरायची ऐपत नाही म्हणून करायचा अर्जही वेगळाच. म्हणून चौकशी करताना नुसतं ‘नादारी’ म्हणू नका, ‘१९२० च्या कायद्याखालचा अर्ज’ म्हणा. नाहीतर चुकीच्या टेबलावर पाठवतील.

अर्ज कोण करू शकतो, हे कलम १० सांगतं. कर्ज फेडणं अशक्य झालेलं हवं आणि त्याच्या जोडीला तीनपैकी एक गोष्ट हवी: एकूण देणं ५०० रुपये तरी असावं, किंवा पैशांच्या हुकूमनाम्यापायी (कोर्टाने दिलेल्या वसुलीच्या निकालापायी) तुम्हाला अटक झालेली असावी, किंवा तुमच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम कायम असावा. ५०० हा आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे आज ही अट जवळजवळ प्रत्येक कर्जदार पुरी करतो. खरी परीक्षा ‘फेडणं अशक्य’ या शब्दांची. दोन प्लॉट नावावर ठेवून हात वर करणाऱ्याचा अर्ज टिकत नाही. धनकोलाही, म्हणजे ज्याचं देणं आहे त्यालाही, तुमच्याविरुद्ध अर्ज करता येतो. त्यासाठी मागच्या तीन महिन्यांत तुमच्याकडून कायद्याने सांगितलेलं नादारीचं एखादं कृत्य घडलेलं असावं लागतं.

अर्ज कुठे करायचा? तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता, तिथल्या जिल्हा न्यायालयात. राज्य सरकार हे अधिकार खालच्या कोर्टालाही देऊ शकतं, त्यामुळे तुमच्याकडे अर्ज नेमका कुठे दाखल होतो ते फायलिंगच्या टेबलावर विचारून घ्या.

आता कागद. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र हे नेहमीचंच. अर्जाचा जीव आहे दोन याद्यांत. पहिली देण्याची: प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम. दुसरी मालमत्तेची: काय आहे, कुठे आहे, किंमत किती. मग ही मालमत्ता कोर्टाच्या हवाली करायला तयार असल्याचं निवेदन, आणि पूर्वी असा अर्ज केला होता का, त्याचं काय झालं, हेही. सातबारा, घराचा उतारा, बँकेचे खातेउतारे, कर्जाच्या नोटिसा, चालू दाव्यांचे आणि दरखास्तींचे (निकालाच्या वसुलीसाठीच्या अर्जांचे) नंबर जोडा. धंदा असेल तर रोजमेळ आणि खतावणी. अर्ज दाखल करून घेतला की हिशेबाच्या वह्या हजर कराव्या लागतात आणि ‘वह्या सापडत नाहीत’ हे उत्तर पुढे फार महागात पडतं.

एका कापड दुकानदाराने यादी आणली होती ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. पतसंस्था, दोन घाऊक व्यापारी, भिशी, दुकानाचं थकलेलं भाडं, सगळं नीट लिहिलेलं. फक्त साडूंचे दीड लाख त्यात नव्हते. ‘ते मागच्याच महिन्यात दिले, बायकोच्या पाटल्या मोडून. घरचा माणूस आहे, त्याला कशाला यात ओढायचं?’ गोम इथेच आहे. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला मुद्दाम झुकतं माप दिलं असेल तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर केलेली जमीनही परत ओढली जाऊ शकते. लपवलेलं बाहेर आलं तर शिक्षा होऊ शकते, सांगितलेलं निदान वकिलाला सांभाळता येतं. दुकानदाराने तो व्यवहार तारखेसह अर्जात लिहिला.

सगळंच जातं असंही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून सुटणाऱ्या वस्तू इथेही सुटतात: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचे बैल, औतं आणि बियाणं. धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही त्यात येतात, म्हणजे मंगळसूत्राला हात लागत नाही. तारण ठेवलेलं घर मात्र वाचत नाही. बँकेचा तारणावरचा हक्क नादारीने हलत नाही.

अर्ज दाखल केला की वसुलीवाल्यांचे फोन थांबतात, ही समजूतही चुकीची. अर्ज घेतल्यावर कोर्ट तारीख नेमतं, धनकोंना नोटिसा जातात, गरज वाटली तर तात्पुरता रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन सांभाळणारा माणूस, नेमला जातो. खरं कवच मिळतं ते नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावर. तेव्हा मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय धनकोला नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूम वेगळा मागावा लागतो. चेक न वटल्याचा फौजदारी खटला यात विरघळून जात नाही.

हुकमात एक मुदत दिलेली असते. तेवढ्या काळात नादारीतून मुक्ततेचा अर्ज करायचाच, हे लोक सर्रास विसरतात. न केल्यास हुकूम रद्द होतो आणि पुन्हा अर्ज करायला कोर्टाची परवानगी लागते. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील आणि त्याला तुम्हीच जबाबदार असाल, तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. सरकारी देणं, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी ही मुक्ततेनंतरही मानेवर राहतात. मुक्तता होईपर्यंत आमदारकी-खासदारकीचा अर्ज भरता येत नाही, आणि आपण नादार असल्याचं न सांगता ५० रुपयांची जरी उधारी केली तरी तो गुन्हा आहे.

खासगी सावकाराचं कर्ज असेल तर नादारीआधी त्याचा परवाना तपासा. परवाना नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० वर फोन लावा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

राहिल्या नोंदी. जुना भागीदार किंवा गिऱ्हाईक आधीच नादार ठरलंय का, हे घरबसल्या पाहता येतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडा आणि पक्षकाराच्या नावाने शोधा. नावाची निदान तीन अक्षरं आणि वर्ष द्यावं लागतं. नावं रोमन लिपीत टाईप केलेली असतात आणि देशपांडे, चौधरी यांची स्पेलिंगं कारकुनागणिक बदलतात, म्हणून फक्त आडनावाचा तुकडा टाका, एकेक वर्ष मागे जा, चालू आणि निकाली दोन्ही पाहा. कायद्याच्या नावानेही शोध घेता येतो. केस सापडली की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवा, पुढच्या वेळी तेवढा पुरतो. मुंबईतली प्रकरणं उच्च न्यायालयाच्या आणि जामीनदारांची न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर. नादार ठरवल्याची सूचना राजपत्रातही छापली जाते.

संगणकीकरणाआधीच्या फायली मात्र रेकॉर्ड रूममध्येच. कोर्ट फी स्टँप लावून नक्कल अर्ज द्यायचा, केस नंबर, निकालाची तारीख आणि पक्षकारांची नावं लिहायची. तुम्ही पक्षकार नसाल तर नक्कल कशासाठी हवी तेही. नुसता हुकूम मागू नका, धनकोंच्या यादीचीही नक्कल मागा. कुणाचं किती देणं कोर्टासमोर मांडलं होतं, ते तिथेच कळतं.