ऑनलाइन घरगुती व्यवसाय

घरी तयार केलेला किंवा थोडा थोडा आणून घरी साठवलेला माल इंटरनेटवरून विकण्याचा छोटा धंदा. दिवाळीचा फराळ, मसाले, लोणची, गोधड्या, दागिने, रोपे असे काहीही त्यात येते. महाराष्ट्रात फराळाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. घरोघरी ऑर्डरप्रमाणे चकल्या-अनारसे करून देण्याची रीत जुनीच. बदलले ते एवढेच, की गिऱ्हाईक आता गल्लीतले राहिले नाही.

भारतात फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तके विकून सुरुवात केली, ॲमेझॉनची भारतीय बाजारपेठ २०१३ मध्ये आली. घरगुती विक्रेत्याला मात्र खरा हात दिला तो २०१६ च्या यूपीआयने आणि २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसने. पैसे घेण्यासाठी यंत्र लागेना आणि दुकान मांडायला वेबसाइट लागेना. २०२० च्या टाळेबंदीत अनेक स्वयंपाकघरे याच वाटेने बाजारात उतरली.

शिकणारा सहसा लोगो, समाजमाध्यमावरच्या पानाचे नाव आणि वेबसाइट यांपासून सुरुवात करतो. शिकायला हवा तो आधी हिशेब, आणि त्यातही पार्सलचा. चकलीचा डबा हलका पण मोठा असतो. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला ५,००० ने भागतात आणि येणारे ‘आकारमानी वजन’ प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे लावतात. अर्धा किलो चकली २५ × २० × १५ सेंमीच्या खोक्यात भरली, तर ७,५०० भागिले ५,००० म्हणजे दीड किलोचे भाडे. खोके लहान करावे तर चकलीचा चुरा होतो. म्हणून अनुभवी बायका खोकी आधी ठरवतात आणि चकलीचा वेढा त्यांच्या बेताने घालतात.

दुसरी गोष्ट सीओडी, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले की ते परत येते. आरटीओ म्हटले की आपल्याला परिवहन कार्यालय आठवते, पण पार्सलवाल्यांच्या बोलीत आरटीओ म्हणजे असे परतलेले पार्सल. समजा, डबा ३०० रुपयांना विकला. माल आणि मजुरी १७०, डबा-पट्टी २०, कुरिअर ८०. उरले ३०. दहांपैकी नऊ डबे पोचले तर २७० रुपये हाती. दहावा परत आला तर माल, डबा आणि दोन्ही वेळचे भाडे मिळून ३५० गेले, कारण आठवडाभर हेलकावे खाल्लेली चकली पुन्हा विकता येत नाही. नऊ गिऱ्हाइकांचा नफा दहाव्याने खाल्ला, वर ८० रुपये पदरचे. खाद्यपदार्थांत आगाऊ यूपीआय मागण्याचा संकोच महागात पडतो तो असा.

कागदपत्रे वाटतात तेवढी अवघड नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारदरबारची नोंद (१ जुलै २०२० पासून), सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिच्यासाठी हजारो रुपये मागणारे दलाल मात्र पुष्कळ. अन्नपदार्थ विकणाऱ्याला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण माल परराज्यात पाठवायचा तर लागते. काही हस्तकला वस्तूंना सूट आहे. बाजारपेठांच्या ॲपवरून विकणाऱ्यांना पूर्वी उलाढाल कितीही असो, नोंदणी करावीच लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विकणाऱ्या छोट्यांना त्यातून सवलत मिळाली. पुण्याची चकली नागपूरला विनाजीएसटी जाते, बेळगावला जात नाही.

जाहिरातीचा पहिला टप्पा ओळखीचाच. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्ट) २५६ जण बसतात, पण ज्याने विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला असेल त्यालाच संदेश पोचतो. हे ठाऊक नसल्याने ‘कुणी उत्तरच देत नाही’ म्हणून अनेक जण खट्टू होतात. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद फुकट होते. तिथे आणि स्वतःच्या पानावर ‘भाजणीची चकली’ हे शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीतही हवेत, कारण मराठी गिऱ्हाईक दोन्ही लिप्यांत शोधते. फोटो खिडकीच्या उजेडात काढलेला बरा. चकली मोडून आतली नळी दाखवणारा फोटो, सजवलेल्या ताटापेक्षा जास्त सांगून जातो.

पैसे देऊन केलेली जाहिरात वरच्याच हिशेबात बसवावी लागते. दोन हजार रुपये घालून दहा गिऱ्हाइके आली तर एकेकाची किंमत २०० पडली, आणि डब्यामागे सुटतात ३०. म्हणजे तेच गिऱ्हाईक सात वेळा आले तर पैसे वसूल. फराळ वर्षातून एकदा विकणाऱ्याला हे जमणे कठीण. म्हणून मेतकूट, भाजणी, चटण्या असा बारमाही माल जोडीला ठेवतात. प्रसिद्ध चेहऱ्यांकडून पैसे देऊन स्तुती करवून घेतली तर ती जाहिरात असल्याचे सांगावे, असे जाहिरात मानक परिषदेचे २०२१ पासूनचे मार्गदर्शन आहे.

प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (स्थापना १९८८) आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्था यांचे वर्ग चालतात. ‘महिन्यात लाख कमवा’ छापाचे ऑनलाइन वर्ग वेगळे; त्यांतल्या पुष्कळांचा खरा माल म्हणजे तो वर्गच.

परदेशातल्या मराठी घरांना फराळ पाठवणे ही या धंद्याची सर्वांत मोलाची आणि सर्वांत बेभरवशाची शाखा. अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांची आयातशुल्क सवलत काढण्याचे जाहीर केल्यावर भारतीय टपाल खात्याने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस तिकडची पार्सले घेणे थांबवले. सेवा पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरच्या मध्यात, दिवाळी आठवड्यावर आली असताना. तोवर ज्यांनी खासगी कुरिअर धरले नव्हते, त्यांचे डबे घरातच राहिले.